प्लेट गेली म्हणण्याआधी पट्टी लावून पाहा



आमच्या एका वाचक भगिनीने पत्र पाठविले आहे. त्या लिहितात, "भाऊ, माझा मुलगा दुसऱ्याच्या व्हॅनवर ड्रायव्हर आहे. सकाळी शाळेची मुले सोडतो, दुपारी किराणा वाहतो. एका वर्षात दोन वेळा क्लच प्लेट गेली आणि दोन्ही वेळा मालकाने पगारातून पैसे कापले. मालक म्हणतो, तुला गाडी चालविता येत नाही. मुलगा म्हणतो, मी काय प्लेट खातो का? घरात रोज हाच वाद. खरे कोणाचे?"

हा प्रश्न एका घरचा नाही. आपल्या वस्तीत टॅक्सी, टेम्पो, व्हॅन आणि रिक्षा यांच्यावर चालणाऱ्या चुली पुष्कळ आहेत. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची भाकरी उभी राहते. म्हणून या वेळी या सदरात क्लचविषयी लिहितो. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांनीही वाचावे. भाऊ, जावई, शेजारी यांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही त्या मुलाला व्हॅन घेऊन बोलाविले. त्याची आई आणि सातवीतली धाकटी बहीणही आली. आम्ही बहिणीला म्हणालो, "बाळ, तुझ्या कंपासपेटीतली पट्टी दे." मुलगा हसला. म्हणाला, "काका, क्लच बघायला पट्टी?" होय, क्लच बघायला पहिले हत्यार पट्टीच. का, ते सांगतो.

क्लचचे काम समजायला दोन तळहातांमध्ये भाकरी धरून पाहा. तळहात दाबून फिरविले तर भाकरी त्यांच्याबरोबर फिरते. दाब सैल केला तर हात फिरतात, भाकरी जागेवर राहते. गाडीत एक तळहात म्हणजे इंजिनाचे फ्लायव्हील, दुसरा म्हणजे प्रेशर प्लेट. मधली भाकरी ती क्लच प्लेट, तिच्यातून निघालेला दांडा गिअरबॉक्समध्ये जातो. पाय वर असतो तेव्हा प्रेशर प्लेटची स्प्रिंग प्लेटला घट्ट दाबून धरते आणि इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. पेडल दाबले की केबल ओढली जाते, केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. ते बेअरिंग स्प्रिंगच्या मधल्या बोटांवर दाब देते आणि प्लेट मोकळी होते. तेवढ्या क्षणात आपण गिअर बदलतो.

पाय वर असताना बेअरिंगने त्या बोटांना दाबून धरता कामा नये. म्हणून पेडलला सुरुवातीला थोडी मोकळीक ठेवतात. तिलाच गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. केबलवर चालणाऱ्या पुष्कळ लहान गाड्यांत पेडलजवळ हा प्ले दीड ते अडीच सेंटिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो आणि तोच खरा मानावा. पुस्तक हरविले असेल तर त्याच मॉडेलची गाडी चालविणाऱ्याकडून घेऊन ते पान उतरवून घ्यावे.

आता पट्टी लावायची कशी? इंजिन बंद करा. पट्टीचे टोक गाडीच्या तळावर टेकवा आणि पट्टी पेडलशेजारी उभी धरा. पेडल पूर्ण वर असताना आकडा पाहा. मग पायाने नाही, हाताच्या दोन बोटांनी पेडल हळूच दाबा. थोडे अंतर ते सहज जाईल आणि मग एकदम जड लागेल. जड लागले तेथे थांबा आणि पुन्हा आकडा पाहा. दोन आकड्यांमधला फरक हाच प्ले.

त्या व्हॅनचे आकडे धाकट्या बहिणीने वाचले. बोट लावताच पेडल जड लागत होते. ती म्हणाली, "काका, फरकच येत नाही. आकडा तोच आहे." प्ले शून्य होता. दोन प्लेटा कोणी खाल्ल्या, हे तेथेच अर्धे कळले.

येथे पुष्कळ अनुभवी ड्रायव्हरही चुकतात. त्यांना वाटते, प्लेट झिजली की पेडल सैल होते. या प्रकारच्या क्लचमध्ये उलट घडते. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या स्प्रिंगची बोटे बाहेर, बेअरिंगकडे येतात. मधले अंतर कमी होते. म्हणजे प्लेट झिजते तसा प्ले घटतो. वेळेवर केबल सैल केली नाही तर एक दिवस प्ले संपतो आणि बेअरिंग बोटांना सतत दाबून ठेवते. प्लेट पुरती पकडली जात नाही, घसरते, तापते आणि आणखी भराभर झिजते. दोन हजार किलोमीटरवर केबलला अर्धा आटा सैल करायचा राहिला म्हणून सगळी प्लेट जाते ती अशी. केबल ताणली गेली किंवा तिच्या तारा तुटू लागल्या तर मात्र प्ले वाढतो. मग पेडल तळाला टेकले तरी प्लेट पुरती सुटत नाही.

म्हणून दोन तक्रारी वेगळ्या ओळखाव्यात.

पहिली, क्लच घसरणे. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी उचल घेत नाही. कसारा घाटासारख्या चढावर किंवा भरल्या गाडीत हे आधी जाणवते. जळका वास येतो. कारणे तीन: प्ले संपलेला, प्लेट झिजलेली, किंवा इंजिन वा गिअरबॉक्सच्या सीलमधून गळून प्लेटवर ऑईल आलेले.

दुसरी, क्लच न सुटणे. गिअर टाकताना कर्रर असा आवाज येतो, विशेषतः रिव्हर्सला. पेडल दाबलेले असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. कारणे: प्ले जास्त, केबल ताणलेली किंवा तुटू लागलेली, क्वचित प्लेट वाकलेली.

पहिल्या तक्रारीवर केबल आवळणे म्हणजे आगीत रॉकेल ओतणे. दुसरीवर केबल सैल करणे तसेच. म्हणून आधी पट्टी, मग पाना.

आता सेटिंग. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकूड लावा. इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. भक्कम घोड्या लावा. जॅक सरकून माणूस दगावतो. तेथे घाई नको.

केबल गिअरबॉक्सजवळ फोर्कच्या आर्मला जेथे जोडलेली असते तेथे तिच्या टोकाला आटे असतात. त्यावर एक सेटिंगचा नट आणि बहुधा त्याला अडविणारा लॉकनट असतो. आट्यांवरची माती तारेच्या ब्रशने काढा. लॉकनट सोडवा. सेटिंगचा नट आवळला की प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. एका वेळी अर्धा आटाच फिरवा. मग पेडल आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे केबल जागेवर बसेल, आणि पुन्हा पट्टी लावा. प्ले बरोबर आला की सेटिंगचा नट पान्याने धरून ठेवा आणि लॉकनट आवळा. लॉकनट विसरला तर हादऱ्याने सेटिंग पुन्हा हलते.

केबल बाहेरून सोलली असेल, वाकल्या जागी दुमडली असेल किंवा टोकाशी एखादी तार तुटलेली दिसली, तर सेटिंग करीत बसू नका, केबल बदला. ती भर रस्त्यात तुटते. नवी केबल जुन्याच वाटेने, तीव्र वळण न देता आणि सायलेन्सरपासून दूर बसवा.

मग दोन परीक्षा घ्या. सुटण्याची परीक्षा: इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलला. पेडल तळापर्यंत दाबा, मनात तीन आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता गिअर पडला तर क्लच सुटतो आहे. पकडण्याची परीक्षा: मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी नसताना हँडब्रेक पूर्ण ओढा, पायाचा ब्रेकही दाबून ठेवा. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडले पाहिजे. बंद न पडता चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा घेतली तर प्लेट जळते.

आवाजावरूनही ओळख पटते. गाडी न्यूट्रलला, इंजिन सुरू. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. पाय वर असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. गाडी सुटताना थरथरत असेल तर प्लेटवर ऑईल आले आहे का आणि इंजिनाचे माउंटिंग रबर तुटले आहे का, ते पाहावे. रबर स्वस्त असते. ते न पाहता प्लेट बदलणे म्हणजे डोके दुखते म्हणून दात काढणे.

ज्या गाड्यांत केबल नाही, ऑईलवर चालणारा क्लच आहे, त्यांचे थोडे वेगळे. तेथे बहुतेक गाड्यांत प्ले आपोआप राहतो. आपण छोट्या टाकीतली पातळी पाहायची. त्यात ब्रेक ऑईलच घालायचे आणि तेही पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचे. इंजिन ऑईल चुकूनही घातले तर आतली रबरी सील फुगून खराब होतात. पातळी वारंवार उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखे लागले तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढून घ्यावी. ब्रेक ऑईल गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

रिक्षावाल्या बांधवांचा क्लच डाव्या मूठीत. तेथे लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक पुरते. बहुतेक रिक्षांच्या प्लेटा तेलातच चालतात, त्यामुळे तेथे तेल असणे हा दोष नव्हे. पण तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच हवे. स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही ओतले तर प्लेटा घसरतात.

आता त्या मुलाकडे वळू. नट सैल करून प्ले दोन सेंटिमीटरवर आणला. पकडण्याच्या परीक्षेत इंजिन बंद पडले. म्हणजे प्लेट पुरती गेली नव्हती, पण थोडी जळली नक्कीच होती. तेही त्याला स्पष्ट सांगितले. मग आम्ही त्याच्या शेजारी बसून वस्तीला एक फेरी मारली. गिअर टाकून झाला तरी त्याचा डावा पाय पेडलवरच. आम्ही म्हणालो, "बाळा, पाय खाली ठेव." तो म्हणाला, "काका, सवय आहे. ट्रॅफिकमध्ये लगेच लागतो." चढावर सिग्नल लागला तेव्हा हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर त्याने गाडी धरून ठेवली. या दोन सवयी प्लेट जाळायला पुरेशा आहेत. चढावर हँडब्रेक ओढावा. सिग्नल लांबला तर गिअर न्यूट्रलला टाकून पाय काढावा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलू नये. क्षमतेबाहेर माल भरू नये, कोणी भर म्हटले तरी.

मग खरे कोणाचे? आईला आम्ही सांगितले, "ताई, मालक अर्धा खरा आणि मुलगाही अर्धाच खरा." मुलाची सवय चुकीची होती. पण मालकाने वर्षभर एकदाही केबल तपासून घेतली नाही, आणि ज्या गॅरेजने दोनदा प्लेट बदलली त्याने दोन्ही वेळा प्ले न ठेवता केबल करकचून बांधली. चूक तिघांची, पैसे मात्र एकाच्या खिशातून.

याबाबत कायद्याचे तत्त्व सर्वांना ठाऊक असावे. नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणाने झाले असेल तरच पगारातून कपात करता येते, ती नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये आणि त्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात हे होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते ठेवले आहे. पण म्हणणे मांडायचे तर हाताशी काही हवे. म्हणून आम्ही त्या मुलाला एक वही करायला लावली. दर पंधरा दिवसांनी तारीख, किलोमीटर आणि प्ले किती सेंटिमीटर, एवढेच लिहायचे. लिहायचे काम बहिणीने घेतले. वही घेऊन तो मालकाकडे गेला. मालक आधी कुरकुरला, मग त्याने पाने उलटली. कापलेले पैसे परत आले नाहीत. पण पुढच्या वेळी जुनी प्लेट समोर ठेवल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत, असे त्याने मान्य केले. भांडणाने जे झाले नव्हते ते वहीने केले.

जुनी प्लेट पाहणे फार महत्त्वाचे. गिअरबॉक्स उतरवायचे काम मेकॅनिकचेच. ते घरी करू नये. पण आपण समोर उभे राहावे आणि जुना माल परत मागावा. प्लेटच्या अस्तरात रिव्हेट बसविलेले असतात. रिव्हेटच्या डोक्यापासून अस्तर सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उरले असेल तर प्लेट खरोखर संपली. अस्तर जाड आहे पण तेलकट आहे, तर आधी सील बदलायला सांगा, नाहीतर नवी प्लेटही तशीच जाईल. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्या. खराब असतील तर तेव्हाच बदललेले बरे, कारण गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी पुन्हा पडते.

आणि घरच्यांसाठी एक सूचना. क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात पूर्वीपासून अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत आले आहेत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक, त्यातून कॅन्सरही होतो, आणि तो वर्षानुवर्षांनी दिसतो. अस्तर कसले आहे ते पाहून ओळखता येत नाही. म्हणून ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरात झटकू नयेत, लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे भिजवून धुवावेत.

१९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी एक प्रश्न उभा केला होता. आपल्या माणसांना विणखात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या कसबी खात्यात, शिरू देत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळाची भीती! जास्त पैसा देणारे कसब आपल्यापासून असे दूर ठेवले गेले. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची सोय मागितली. यंत्र चालविणे ही मजुरी आहे, यंत्र समजणे ही ताकद आहे. आज आय.टी.आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. आपल्या मुलाला तेथे पाठवा आणि मुलीलाही पाठवा. पट्टी वाचायला ती कोठे कमी पडली?

शेवटी एक जुनी गोष्ट. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला सोण भिक्खू झाला. साधनेत त्याने एवढे कष्ट घेतले की चालून चालून पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर? सोण म्हणाला, नाही. तसेच प्रयत्नाचे आहे, असे तथागतांनी त्याला समजाविले. आमच्या त्या मुलाने ही गोष्ट विहारात अनेकदा ऐकली होती. त्या रविवारी लॉकनट आवळताना तो आपणहून म्हणाला, "काका, सोणाची वीणा म्हणजे आपली केबलच की!"

आम्हाला त्यात भर घालण्यासारखे काही उरले नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर या रविवारी पट्टी लावा, आकडा वहीत लिहा. पुढील वेळी ब्रेकविषयी लिहू.

नमो बुद्धाय! जयभीम!